कर्णबधिर आणि दिव्यांग नटांसाठी रंगभूमीची वाट : कागदपत्रांपासून प्रयोगापर्यंत

हा लेख महाराष्ट्रात राहून रंगभूमीवर काम करू इच्छिणाऱ्या कर्णबधिर, अंध, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या आणि इतर दिव्यांग कलावंतांसाठी आहे. मी स्वतः कर्णबधिर आहे. श्रवणयंत्र, ओठांचे वाचन आणि सांकेतिक भाषा या तिन्हींच्या आधारावर मी प्रायोगिक नाटकांत भूमिका केल्या, आणि आता इतरांच्या नाटकांचे प्रयोग सर्व प्रेक्षकांना पाहता-ऐकता यावेत यासाठीही काम करतो. नव्याने येणाऱ्या मुलामुलींची अडचण बहुतेक वेळा अभिनयाची नसते. कोणता कागद कधी लागतो, दिग्दर्शकाकडे काय मागायचे, पैशाचे कसे बोलायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. माझा सगळ्यात मोठा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : तुम्हाला लागणारी सोय तालमी सुरू होण्यापूर्वी, लेखी स्वरूपात आणि नाटकाच्या अंदाजपत्रकात आली पाहिजे. नंतर मागितलेली सोय उपकारासारखी दिली जाते, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिल्यांदा तीच जाते.

१. कागदपत्रे आधी पूर्ण करा

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांच्यापासून सुरुवात करा. त्यासाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करता येतो, आणि तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. बहुतेक सवलती व आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. श्रवणदोषाच्या बाबतीत दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक ऱ्हास असल्यास बधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असल्यास कमी ऐकू येणारे, अशी कायद्याची व्याख्या आहे. जुने ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचे आलेख) असतील तर ते तपासणीला सोबत न्या.

पुढील कागद एकाच फाइलमध्ये आणि फोनमध्ये पीडीएफ करून ठेवा :

- यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
- आधार कार्ड, पॅन कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान
- अधिवासाचा आणि वयाचा दाखला
- श्रवणदोष असल्यास अलीकडचा ऑडिओग्राम
- आतापर्यंतच्या प्रयोगांची प्रमाणपत्रे, कार्यक्रमपत्रिका, कात्रणे
- दोन साधी छायाचित्रे, एक चेहऱ्याचे व एक पूर्णाकृती

येथे एक धोका संभवतो. नट रंगभूमीवर वेगळे नाव लावतात, घरचे नाव वेगळे असते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेले असते. आधार, पॅन, बँक आणि यूडीआयडी या चारही ठिकाणी नावाचे अक्षर न् अक्षर सारखे नसेल तर शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन् महिने अडकते. रंगभूमीवरचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर लावा, पण करारात कायदेशीर नाव लिहून पुढे 'ऊर्फ' म्हणून ते नाव जोडा.

प्रवासाबाबत इतकेच की एसटीमध्ये दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, परंतु रेल्वेच्या सवलतीसाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते. दौरा ठरल्यावर त्याची धावपळ करू नका.

२. आपल्या गरजा एका पानात लिहून काढा

या पानाला परदेशी रंगभूमीवर 'ॲक्सेस रायडर' म्हणतात, आणि आपल्याकडेही आता काही मंडळी हाच शब्द वापरतात. काम करण्यासाठी तुम्हाला काय लागते, एवढेच त्यात असावे. आजाराचा इतिहास, शस्त्रक्रिया आणि घरची परिस्थिती यांतले काहीही त्यात लिहू नये. माझ्या पानाचा मजकूर साधारण असा आहे :

'मी कर्णबधिर आहे. संहिता पहिल्या वाचनाच्या किमान १५ दिवस आधी युनिकोड मजकुराच्या स्वरूपात मिळावी. वाचनाला आणि तालमींना भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषक असावा. तालीम लांबणार असेल तर दोन दुभाषक असावेत. तालमीच्या वेळेतील बदल फोन न करता लेखी संदेशाने कळवावा. सूचना देताना दिग्दर्शकाचा चेहरा उजेडात आणि माझ्या समोर असावा. विंगेतून माझ्या प्रवेशाची सूचना दिव्याने मिळावी.'

दोन दुभाषकांची अट चैनीची नाही. सलग सांकेतिक भाषांतर करणाऱ्याच्या अचूकतेवर साधारण २० ते ३० मिनिटांनंतर परिणाम होऊ लागतो, म्हणून व्यावसायिक दुभाषक आळीपाळीने काम करतात. 'तुम्ही तर ओठ वाचता, मग दुभाषक कशाला?' असा प्रश्न हमखास येतो. त्याला उत्तर म्हणून मी आरशासमोर आवाज न करता 'पाल', 'बाल' आणि 'माल' हे तीन शब्द म्हणून पाहायला सांगतो. ओठांची हालचाल तिन्हींना एकच होते. रोजच्या बोलण्यात संदर्भावरून शब्द कळतो, पण नव्या संहितेच्या वाचनात तो संदर्भच अजून तयार झालेला नसतो.

अंध कलावंतांनी आपल्या पानात युनिकोडची अट सर्वांत वर लिहावी. मराठी नाटकाच्या संहिता आजही अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या किंवा हस्तलिखिताच्या स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात फिरतात. एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकावरचा मजकूर आवाजात वाचणारी प्रणाली, त्या वाचू शकत नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर तो निरर्थक अक्षरे म्हणून उच्चारतो. संहिता नव्याने टाइप करून घ्यावी लागली तर तो खर्च निर्मितीचा आहे, नटाचा नाही.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी खुर्चीची रुंदी, वजन, ती घडी होते का, आणि उचलून नेणे चालेल की नाही, हे स्पष्ट लिहावे. स्वमग्न किंवा मानसिक आजाराशी झुंजणाऱ्या कलावंतांनी विश्रांतीच्या वेळा, शांत खोली आणि वेळापत्रक आधी कळण्याची गरज नोंदवावी. जे मागायला संकोच वाटतो, ते आधी लिहावे असा माझा सल्ला आहे.

३. शिक्षण : भाषा आणि अभिनय दोन्ही

कर्णबधिर असूनही अनेकांना भारतीय सांकेतिक भाषा नीट येत नाही, कारण शाळांत बोलण्यावरच भर दिलेला असतो. रंगभूमीवर उभे राहायचे असेल तर ही भाषा तुमच्याकडे पक्की हवी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग संस्था ही वाचा आणि श्रवणदोषाच्या क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था आहे. नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले, आणि त्याचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ पासून व्हिडिओ स्वरूपात उपलब्ध आहे. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका खास कर्णबधिरांसाठी आहे. ती करून ठेवल्यास नाटकाचे काम नसलेल्या महिन्यांत शिकवणीचे उत्पन्न मिळू शकते, आणि ऐकू येणाऱ्या नटांना प्रशिक्षण देण्यासाठी तुमच्या नावामागे अधिकृत पात्रताही राहते.

अभिनयाच्या पदवीसाठी मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र ही परिचित ठिकाणे आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असून वयात ५ वर्षांची सूट आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने तिच्या स्किफ्ट उपक्रमातून दिव्यांगांसाठी अल्पकालीन अभ्यासक्रमही घेतले आहेत. रंगांधळेपणाच्या कारणावरून या संस्थेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. 'तुम्हाला हे जमणार नाही' असे प्रवेशाच्या खिडकीवर ऐकावे लागले तर हा निकाल आठवणीत असू द्या. प्रवेश मिळाला तरी वर्गात दुभाषक आपोआप उभा राहत नाही. प्रवेशाच्या दिवशीच दुसऱ्या भागात सांगितलेले गरजांचे पान संस्थेच्या समान संधी कक्षाकडे द्या आणि पोच घ्या.

पदवी नसली तरी एकांकिका स्पर्धांची वाट सर्वांसाठी खुली आहे. महाविद्यालयात असाल तर पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकाच्या संघात शिरण्याचा प्रयत्न करा. फिरोदियात अनेक कलांना वाव असल्याने सांकेतिक भाषा, मूकाभिनय आणि नृत्य यांना तेथे चांगली जागा मिळू शकते. शालेय वयातील मुलांसाठी राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे दिव्यांग बालनाट्य स्पर्धा होते. तुम्ही मोठे असाल तर अशा शाळेचे नाटक बसवायला जा, कारण कर्णबधिर मुलांना कर्णबधिर दिग्दर्शक मिळणे ही अजून दुर्मीळ गोष्ट आहे.

ज्यांना जगात काय चालले आहे ते पाहायचे आहे, त्यांनी लंडनची ग्रेआय ही १९८० मध्ये स्थापन झालेली नाट्यसंस्था आणि लॉस एंजलिसचे १९९१ पासूनचे डेफ वेस्ट थिएटर यांची कामे पाहावीत. २०२२ मध्ये ऑस्कर मिळवणारा कर्णबधिर नट ट्रॉय कॉट्सर अनेक वर्षे डेफ वेस्टच्या नाटकांत काम करत होता. आपल्याकडे स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन पूर्ण लांबीची मराठी नाटके उभी केली आहेत, आणि आपल्या मुलांनी ती उदाहरणे आधी जाणून घ्यावीत असे मला वाटते.

४. कामाचे नमुने आणि ऑडिशन

दोन ते तीन मिनिटांची एक चित्रफीत तयार ठेवा. त्यात दोन वेगळ्या प्रवृत्तींच्या व्यक्तिरेखा असाव्यात, आणि त्यांपैकी किमान एक अशी असावी जिच्या कथेचा तुमच्या दिव्यांगत्वाशी काही संबंध नाही. सांकेतिक भाषेतील अभिनय असल्यास खाली मराठी अक्षरे द्या. पार्श्वभूमी कोरी ठेवा, हात कंबरेपासून डोक्याच्या थोडे वरपर्यंत चौकटीत राहतील असा कॅमेरा लावा, आणि हातांवर वेगाने येणाऱ्या क्लोजअपचा मोह टाळा, कारण कापलेली खूण म्हणजे अर्धवट ऐकू आलेला शब्द असतो.

मुंबईतील ॲटिपिकल ॲडव्हान्टेज हे दिव्यांग कलावंतांचे व्यासपीठ आहे. तेथे आपली माहिती नोंदवता येते. कास्टिंगच्या नावाखाली नोंदणी शुल्क मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. निर्मात्याने नटाला पैसे द्यायचे असतात, नटाने निर्मात्याला नाही.

केवळ दया उत्पन्न करणाऱ्या किंवा दिव्यांगत्वावर हशा मिळवणाऱ्या भूमिका सुरुवातीला फार येतात. सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात ८ जुलै २०२४ रोजी चित्रपट आणि दृश्य माध्यमांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी तत्त्वे घालून दिली असून, चित्रण करताना दिव्यांगांशी सल्लामसलत करण्यावर भर दिला आहे. भूमिका नाकारायची की संहितेत बदल सुचवायचा, हा तुमचा निर्णय; पण बदल सुचवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

५. तालीम

सगळे कौशल्य येथे पणाला लागते, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबू.

कर्णबधिर नटाला संवादाच्या शेवटच्या शब्दावरून आपली वेळ पकडता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळेला डोळ्यांना दिसणारी खूण ठरवून घ्यावी लागते : समोरचा नट कप बशीत ठेवतो, पदर खांद्यावर घेतो, खिडकीकडे वळतो. ही खूण दिग्दर्शकाने सांगेपर्यंत थांबू नका. वाचनानंतर आपल्या संहितेच्या समासात प्रत्येक प्रवेशासाठी खुणांचा एक स्तंभ आखा आणि सहकलाकारांसोबत बसून तो भरा. अशी खूण त्या पात्राच्या स्वभावात मुरलेली असेल तर प्रेक्षकाला ती कधीच कळत नाही, आणि सहकलाकारालाही प्रत्येक प्रयोगात ती अचूक देण्याची शिस्त लागते. विंगेतल्या प्रवेशासाठी लहान दिवा लावावा. तो नसेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) चिकटवले तरी भागते, फक्त तो धरणारा माणूस प्रत्येक प्रयोगाला तोच असावा.

प्रकाशयोजनाकाराशी पहिल्या आठवड्यातच बोला. अंधारात सांकेतिक भाषा बंद पडते. ऐकू येणारा नट ब्लॅकआउटमध्येही आवाजाने सावरून घेतो, पण कर्णबधिर नटासाठी त्या क्षणी सगळा रंगमंच नाहीसा होतो. ब्लॅकआउटऐवजी मंद निळा प्रकाश ठेवता येतो का, मागून येणाऱ्या प्रकाशामुळे हात नुसते काळे दिसतात का, हे प्रत्यक्ष उभे राहून तपासा. वेशभूषेत हातांच्या मागे येणारे कापड एकरंगी आणि त्वचेच्या रंगापेक्षा वेगळे असावे. चमकणाऱ्या बांगड्या आणि मोठ्या अंगठ्या नजर खेचून घेतात.

अंध नटांसाठी रंगमंच पायांना वाचता आला पाहिजे. जमिनीवर सुतळी ठेवून तिच्यावर कापडी टेप चिकटवली की तळव्याला रेषा लागते. अशा रेषांनी कडा, प्रवेशाची जागा आणि मधले ठिकाण दाखवता येते. नेपथ्यातील खुर्ची तालमीत जेथे होती तेथून वीतभरही हलता कामा नये, आणि ही जबाबदारी एका नेमून दिलेल्या माणसाची असावी. तालीम हॉलमध्ये आणि प्रयोग नाट्यगृहात होत असल्याने रंगमंचाचे मोजमाप बदलते, म्हणून रंगीत तालीम त्याच नाट्यगृहात मिळावी असा आग्रह धरा.

तालमीत सगळ्यात जास्त दुखावणारी गोष्ट म्हणजे, दिग्दर्शक दहा मिनिटे बोलतो, सगळे हसतात, आणि तुम्ही विचारल्यावर 'काही नाही, नंतर सांगतो' असे उत्तर मिळते. त्या गप्पांतच नाटकाची समज तयार होत असते. पहिल्याच दिवशी सर्वांसमोर विनंती करा की एका वेळी एकानेच बोलावे, बोलण्यापूर्वी हात वर करावा, आणि चेष्टामस्करीसुद्धा दुभाषकाला पोचू द्यावी. बहुतेक संघ हे मनापासून पाळतात. त्यांना आधी कोणी सांगितलेलेच नसते.

६. नाट्यगृहाची पाहणी

तारीख मिळाली की नाट्यगृहात स्वतः जा किंवा व्यवस्थापकाकडून मोजमाप व छायाचित्रे मागवा. 'रॅम्प आहे' या उत्तरावर थांबू नका. रॅम्प प्रेक्षागृहाला आहे की रंगमंचाला, मेकअप रूम कोणत्या मजल्यावर आहे, तेथील स्वच्छतागृहाचे दार किती रुंद आहे, सामानाच्या दरवाजातून खुर्ची आत जाते का, हे विचारा. रॅम्पचा प्रचलित मानक उतार १ ला १२ आहे. म्हणजे तीन फूट उंचीच्या रंगमंचासाठी ३६ फूट लांबीचा रॅम्प लागतो. प्रयोगाच्या दिवशी दोन फळ्या टाकून केलेला उतार धोक्याचा असतो, आणि त्यावरून चढायला तुम्ही नकार द्यावा.

प्रेक्षकांचाही विचार याच पाहणीत करा. तिसरी घंटा ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रेक्षागृहाबाहेरचे दिवे तीनदा मंद-तेज करता येतात; त्याला काहीही खर्च नाही. दौऱ्यावर निघताना नाटकाच्या बसची पायरी, थांबण्याची ठिकाणे आणि मुक्कामाच्या लॉजची खोली यांची चौकशी व्यवस्थापकाने आधी करावी, असे लेखी ठरवून घ्या.

७. सुगम प्रयोग हेही तुमचे काम आणि उत्पन्न आहे

रंगमंचावर भूमिका करणे हा या क्षेत्रातील एकच व्यवसाय नाही. इतर नाटकांचे प्रयोग कर्णबधिर आणि अंध प्रेक्षकांसाठी तयार करण्याचे काम वाढते आहे, आणि ते आपल्यातील लोकांनीच उत्तम करावे.

मराठी कॅप्शनचे, म्हणजे संवाद पडद्यावर अक्षरांत दाखवण्याचे, काम दिसते तेवढे सोपे नाही. एका वेळी दोन ओळी, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरे, आणि लांबूनही जोडाक्षरे सुटी दिसतील असा फॉन्ट लागतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला 'मुक्ता' मला सोयीचा वाटतो. पडदा नटांच्या शक्य तितका जवळ लावावा, नाहीतर प्रेक्षकाची मान दोन तास टेनिसच्या सामन्यासारखी फिरत राहते. कॅप्शन चालवणाऱ्याने किमान तीन तालमी पाहिलेल्या असाव्यात, कारण आपले नट रंगात आले की ॲडिशन घेतात, आणि संहितेत नसलेल्या वाक्यावर प्रेक्षागृह हसत असताना पडद्यावर जुनेच वाक्य अडकून राहते. विनोदाची ओळ नटाच्या तोंडून येण्यापूर्वी पडद्यावर दाखवू नये, हेही ध्यानात ठेवा.

सांकेतिक भाषेच्या प्रयोगात दुभाषकाला कोपऱ्यात उभे करण्याऐवजी त्याची जागा दृश्याच्या चौकटीत ठरवावी, आणि भाषांतर कर्णबधिर मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावे. हे मार्गदर्शकाचे काम म्हणजे तुमची संधी. अंध प्रेक्षकांसाठी प्रयोगापूर्वी रंगमंचावर नेऊन नेपथ्य आणि वेशभूषा हाताने पाहू द्यावी, आणि संवादांच्या मधल्या जागांत श्राव्य वर्णन द्यावे, म्हणजे रंगमंचावर जे दिसते ते बोलून सांगावे. अंध कलावंतांनी अशा वर्णनाचे परीक्षक म्हणून नाव नोंदवावे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांतील सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे काढल्यापासून चित्रपटांतही या कामाची गरज निर्माण झाली आहे.

हक्कांच्या बाबतीत एक काळजी घ्या. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून संहितेची ब्रेल किंवा डिजिटल प्रत करण्यास कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. पण एखादे नाटक सांकेतिक भाषेत रूपांतरित करून तिकीट लावून करायचे असेल तर नाटककाराची लेखी परवानगी घ्या. स्वतःची संहिता असेल तर महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून संहिता पक्की होताच पाठवा.

८. नाइट, करार आणि कर

मराठी नाटकात प्रत्येक प्रयोगाच्या मानधनाला नाइट म्हणतात. तुमची नाइट त्याच लांबीची भूमिका करणाऱ्या इतर नटाइतकीच असावी. दुभाषकाचे किंवा मदतनिसाचे पैसे त्यातून वळते करण्याचा प्रस्ताव आला तर स्पष्ट नकार द्या. करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात तालमींचा भत्ता, प्रयोग रद्द झाल्यास काय, प्रवास व मुक्काम, चित्रीकरणाचा हक्क आणि तुमचे गरजांचे पान जोडपत्र म्हणून असावे. कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क असतो. प्रयोगाचे चित्रीकरण पुढे कोठे दाखवले जाईल हे विचारल्याशिवाय सही करू नका.

दिव्यांग दिनाच्या आसपास विनामूल्य कार्यक्रमांची बोलावणी खूप येतात. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह म्हणजे मानधन नव्हे. ध्वनिवाल्याला आणि मंडपवाल्याला पैसे मिळत असतील तर ते तुम्हालाही मिळाले पाहिजेत. एखाद्या कामावर प्रेम म्हणून विनामूल्य जावेसे वाटले तर जरूर जा, पण तो निर्णय तुम्ही घेतलेला असावा.

मानधनातून अनेकदा १० टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरा, म्हणजे रक्कम परत मिळते. बँकेत केवायसीसाठी डोळे मिचकावणे किंवा तत्सम कृती करता येत नसेल तर पर्यायी पद्धत मागा. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रक्रिया दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याचे निर्देश दिले आहेत.

९. शिष्यवृत्ती, अनुदान आणि व्यासपीठे

- केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी असून ती दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे मिळते.
- त्याच मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप दरमहा १०,००० आणि चाळिशीनंतरची वरिष्ठ फेलोशिप दरमहा २०,००० रुपयांची आहे. दोन्हींचा काळ दोन वर्षांचा असतो.
- बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स प्रयोगशील कामाला अनुदान देते.
- गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीला सुरू झालेला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा मोठा महोत्सव आहे, आणि तेथे देशभरातील गट भेटतात.

स्थानिक पातळीकडे दुर्लक्ष होते, म्हणून ते वेगळे सांगतो. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. महापालिकेचे किंवा नगरपालिकेचे अंदाजपत्रक ठरण्याआधी अर्ज द्या, आणि त्यात २०१६ च्या कायद्याच्या कलम २९ चा उल्लेख करा. या कलमात दिव्यांग कलावंतांना सुविधा, साहाय्य व प्रायोजकत्व देणे आणि कला दिव्यांगांना सुगम करणे ही सरकारची जबाबदारी म्हणून नोंदवली आहे. अनुदानासाठी नोंदणीकृत संस्था लागत असेल तर किमान सात सभासद जमवून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करता येते. मात्र दरवर्षीचा हिशेब सांभाळणारा माणूस सापडेपर्यंत ती करू नका.

१०. अडवणूक झाली तर

आधी व्यवस्थापकाशी किंवा संस्थेशी बोला, आणि झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. तोंडी आश्वासनाचा पुढे पुरावा राहत नाही. सार्वजनिक इमारतींत सुगमता आणण्यासाठी २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ ने नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत दिली होती आणि ती २०२२ मध्येच संपली आहे. सुगमतेचे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. दाद मिळाली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयात लेखी तक्रार करा. तक्रारीसोबत छायाचित्रे, मोजमापे, ईमेलच्या प्रती आणि नेमकी मागणी जोडा. 'रंगमंचावर जाण्यासाठी रॅम्प नाही, तो अमुक तारखेपर्यंत बसवावा' अशी मागणी 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्यापेक्षा लवकर पुढे सरकते.

११. प्रत्येक कामाची नोंद ठेवा

प्रयोग संपल्यावर आठवड्याच्या आत संस्थेकडून लेटरहेडवर प्रमाणपत्र घ्या. त्यावर नाटकाचे नाव, तुमची भूमिका किंवा काम, तारीख, ठिकाण आणि प्रयोगांची संख्या असावी. वर्तमानपत्रातील कात्रणावर तारीख दिसेल असे छायाचित्र काढा. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज मानधन योजना आहे, तिच्यात दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि दिव्यांगांना वयात सवलत आहे. पण तिच्यासाठी कलाक्षेत्रातील अनेक वर्षांच्या कामाचे पुरावे मागितले जातात. संस्था बंद पडतात, व्यवस्थापक बदलतात, आणि दहा वर्षांनी जुने प्रमाणपत्र द्यायला कोणी सापडत नाही. प्रमाणपत्रावर नाव आधारप्रमाणेच लिहिले आहे ना, हे तेथेच उभे राहून तपासा.